धक्के सोसायचे कोणी?

आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, सत्तरी ओलांडल्यावर गुरुजींना हे काय सुचलं! विषय आहे डोंगरात चालवायच्या बॅटरीच्या सायकलींचा. त्यातही प्रश्न असा, की अशी सायकल घ्यायची तर फक्त पुढच्या चिमट्याला स्प्रिंग असलेली घ्यावी, की पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली? पहिलीला म्हणतात हार्डटेल, म्हणजे कडक शेपटीची. दुसरीला म्हणतात फुल सस्पेन्शन.

प्रश्न माझा नाही, भाच्याचा आहे. तो गेली वीस-बावीस वर्षं दक्षिण जर्मनीत असतो, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांजवळ. वय चोपन्न. पूर्वी तो आणि भाचेसून दर रविवारी सायकली घेऊन जंगलात जायचे. मग त्याची कंबर धरली, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि सायकल तळघरात गेली. काही दिवस भाचेसून एकटी जायची, मग तीही जाईनाशी झाली. आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि दोघांनी ई-बाईक घ्यायचं ठरवलंय. पण गाडं अडलंय ते इथे. त्याचे जुने सायकलमित्र म्हणतात, बॅटरी घेतोस ते ठीक, पण निदान हार्डटेल तरी घे. बुडाखाली गादी बांधून डोंगर चढणं म्हणजे काही खरं सायकलिंग नव्हे. दुकानदार म्हणतो, फुल सस्पेन्शनच घ्या. (त्याला दोन पैसे जास्त मिळणार, हे उघड आहे!) म्हणून भाच्याने मेलमध्ये विचारलं, "मामा, तुम्ही इतिहास शिकवलात. सांगा, यात बरोबर कोण?"

मी तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, सायकलदुरुस्ती नव्हे. पण एखाद्या भांडणात बरोबर कोण हे कळायला हवं असेल, तर ते भांडण सुरू कसं झालं ते आधी पाहावं, एवढं इतिहास नक्की शिकवतो. म्हणून महिनाभर हाच उद्योग केला. त्यातून हाती आलं ते इथे मांडतोय.

मूळ गोष्ट साधी आहे. रस्त्यावर दगड असतो, खड्डा असतो. चाक त्यावर आदळतं आणि धक्का बसतो. हा धक्का कोणाच्या तरी पोटात जावाच लागतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव, त्यामुळे तिथे तो थेट बसणाऱ्याच्या कमरेत जायचा. टांग्याला कमानी आल्या, तेव्हा काही भाग त्यांनी घेतला. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरलाय त्याला यावर जास्त सांगायला नको. वाहनाचा इतिहास म्हणजे एका अर्थी हा धक्का कोणाच्या माथी मारायचा याचा इतिहास आहे.

सायकलचा जन्म भाच्याच्याच राज्यातला. १८१७ साली मानहाइम इथे कार्ल फॉन ड्राइस नावाच्या वनखात्यातल्या अधिकाऱ्याने दोन लाकडी चाकांचं एक यंत्र केलं. त्याला पायडल नव्हतं. माणूस मध्ये बसायचा आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचा. पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या सायकली निघाल्या. चाकं लाकडाची आणि वर लोखंडी धाव. पॅरिसच्या, लंडनच्या फरसबंद रस्त्यांवर त्या अशा खडखडायच्या, की इंग्रजांनी त्यांना 'हाडं खिळखिळी करणारी' असं नावच पाडलं. गंमत म्हणजे त्या सायकलींनाही बसायची सीट एका लांब लोखंडी पट्टीवर, म्हणजे स्प्रिंगवरच बसवलेली असे. धक्का खाणारं काहीतरी पाहिजे हे माणसाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

मग आली ती पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेली सायकल. आपण ती सर्कशीत किंवा चित्रांत पाहिलेली असते. ते मोठं चाक नुसतं शोभेचं नव्हतं. पायडलच्या एका फेऱ्यात जास्त अंतर जावं हे मुख्य कारण, पण मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावरून सहज जातं, हाही फायदा होता. तोटा एवढाच, की चाक अडलं की माणूस उंचावरून थेट तोंडावर! म्हणून १८८५ साली कोव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने 'रोव्हर' नावाची सुरक्षित सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. आजच्या सायकलची आजीच ती.

पण एक प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो. चाकं लहान झाली, त्यावर भरीव रबर, त्यामुळे धक्के वाढले. मग कारागीर स्प्रिंगच्या मागे लागले. त्याच १८८५ साली लंडनच्या लिनली आणि बिग्ज या कंपनीने 'व्हिपेट' नावाची सायकल काढली. तिची रचना मोठी हुशारीची होती. सीट, हँडल आणि पायडल ही तीन ठिकाणं एकमेकांना पक्की जोडलेली आणि तो सगळा त्रिकोण चाकांच्या सांगाड्यापासून स्प्रिंगवर टांगलेला. म्हणजे चाकं कितीही उडाली, तरी सीट आणि पायडल यांच्यातलं अंतर बदलत नसे. हे लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा दारात येणार आहे.

स्प्रिंगवाल्यांचे दिवस आले असं वाटत असतानाच बेलफास्टमधल्या एका गुरांच्या डॉक्टरने सगळा डाव उधळला. जॉन बॉइड डनलॉप. १८८७ मध्ये त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. (खरं तर रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा सायकलीच नव्हत्या. वेळेआधी शहाणं होऊनही उपयोग नसतो!) १८८९ साली विली ह्यूम नावाचा सायकलपटू बेलफास्टच्या शर्यतीत हे फुगलेले टायर लावून उतरला. लोक आधी हसले. तो जिंकला तेव्हा हसणं थांबलं. पुढच्या काही वर्षांत भरीव रबर गेलं आणि त्याबरोबर स्प्रिंगच्या सायकलीही गेल्या.

स्प्रिंग का हरली? हवेचं वजन नगण्य. ती धक्का थेट जमिनीपाशीच गिळते. तिला बिजागरी नाही, त्यामुळे झिजणं, खुळखुळणं नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे माणसाच्या पायांत ताकद फार थोडी. निरोगी माणूस तासभर सायकल हाणतो तेव्हा साधारण १०० वॅट शक्ती देतो. म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. त्या हिशेबाने घोड्याचा सातवा हिस्सा. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर संसार चालवायचा तर दोन किलोचं लोखंड जास्तीचं वाहायला आणि पायाचा जोर स्प्रिंगमध्ये वाया घालवायला परवडत नाही. हा हिशेब पुढची शंभर वर्षं पक्का राहिला.

आपल्याकडची काळी सायकल आठवा. २८ इंची मोठी चाकं, पुढचा चिमटा तिरका, लांब, आणि चामड्याच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा. बाकी सगळं कडक. दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, पुढे नळीवर मुलगा, मागे कॅरिअरवर बायको, सगळं तिने वाहिलं. त्या अर्थाने आमची अख्खी पिढी हार्डटेलवर वाढली. हार्डटेल कशाला, आमचं पुढूनही हार्डच होतं!

मध्ये एका माणसाने वेगळा प्रयत्न केला. इंग्लंडचा अलेक्स मोल्टन. १९५९ मध्ये आलेल्या मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शन त्याचंच. १९५६ च्या सुएझ प्रकरणात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा तो सायकलकडे वळला आणि १९६२ साली त्याने १६ इंची चाकांची, पुढे-मागे रबरी सस्पेन्शन असलेली सायकल बाजारात आणली. विचार असा, की चाक लहान आणि टायर टणक फुगवलेला, म्हणजे तो कमी ताकदीत पळेल; त्याने वाढणारे धक्के सस्पेन्शनने घ्यायचे. सायकल खपली, गाजली. तिला उत्तर म्हणून रॅले कंपनीने १९६५ मध्ये लहान चाकांचीच सायकल काढली, पण सस्पेन्शनऐवजी जाड, कमी हवेचे टायर लावून. म्हणजे पुन्हा तोच वाद, स्प्रिंग की हवा? शेवटी १९६७ मध्ये रॅलेने मोल्टनचा सायकलधंदाच विकत घेतला. रस्त्यावरच्या सर्वसाधारण सायकली मात्र कडकच राहिल्या.

आता जरा सायकल सोडून मोटरसायकलकडे येऊ. विषयांतर वाटेल, पण माझ्या मते सगळ्या कोड्याची किल्ली इथेच आहे. मागे स्प्रिंग नसलेल्या गाडीला मोटरसायकलवालेही हार्डटेलच म्हणतात. सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकली तशाच होत्या, कारण त्या सायकलीच्याच सांगाड्यावर जन्मल्या होत्या. पुढे इंजिनं दणकट झाली, वेग वाढला आणि मागची कडक बाजू सोसेना. रॉयल एन्फील्डची बुलेट १९४९ मध्ये मागे हलता दांडा आणि शॉक अब्सॉर्बर घेऊन आली. अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसनने आपल्या मोठ्या गाड्यांना मागे सस्पेन्शन दिलं ते १९५८ साली. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट आपल्या रस्त्यांवरही दिसू लागली.

आता डोळ्यांपुढे चित्र आणा. एकच खडीचा रस्ता. त्याच्यावरून दूधवाल्याची सायकल जातेय, मागून कडक. त्याच रस्त्यावरून बुलेट जातेय, मागे स्प्रिंग. खड्डे तेच, माणसाची कंबरही तीच. मग फरक कशाने पडला? इंजिनाने. जिथे ताकद बाहेरून मिळाली, तिथे स्प्रिंगचं वजन हा प्रश्नच उरला नाही. जिथे ताकद पायाची, तिथे कंबरेने सोसायचं. दूधवाला काही बुलेटवाल्यापेक्षा शूर होता म्हणून कडक सायकल चालवत नव्हता. त्याला दुसरं परवडतच नव्हतं, पैशानेही आणि पायांच्या ताकदीनेही.

आता डोंगरात जाऊ. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे, तिथे माउंट टमॅलपाइस नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मुलं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन कच्च्या वाटेने खाली सुटायची. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी त्याच काउंटीत घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. वाट तीन-साडेतीन किलोमीटरची आणि उतार सुमारे ४०० मीटरचा. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली ही त्यातली मंडळी. ब्रीझने १९७७ मध्ये खास याच कामासाठी सायकल बांधली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. या सगळ्या सायकलींना स्प्रिंग नव्हती. धक्का खायला जाड टायर आणि तरणी हाडं!

१९८९ साली मोटरसायकल शर्यतींच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने रॉकशॉक्स नावाचा पुढचा चिमटा बाजारात आणला. तो दबायचा जेमतेम ५ सेंटीमीटर. पण १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगो इथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तिथे उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने असाच चिमटा लावून जिंकली. पुढच्या स्प्रिंगचा वाद थोड्या वर्षांत मिटला, कारण हातांना तिचं सुख लगेच कळतं आणि पायांचं त्यात फारसं नुकसान नसतं.

मागच्या स्प्रिंगचं मात्र तसं नव्हतं. पायडलवर जोर दिला की साखळी मागच्या चाकाला ओढते, शिवाय अंगही वर-खाली होतं. मागे स्प्रिंग असेल तर ती प्रत्येक पायडलला दबते आणि सुटते. घोड्यावर बसल्यासारखं डुलायला होतं आणि पायातला जोर पुढे जाण्याऐवजी त्या डुलण्यात जातो. व्हिपेटवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी सीट आणि पायडल एकत्र का बांधलं होतं, ते आता लक्षात येईल. मग १९९० च्या दशकात होर्स्ट लाइटनरसारख्या कारागिरांनी मागच्या दांड्याच्या बिजागऱ्या कुठे बसवाव्यात यावर डोकं लढवलं. चढावर स्प्रिंग बंद करायची कळ आली. दगड लागला तरच उघडायचं, नुसत्या पायडलच्या जोराने दबायचं नाही, अशी झडपही निघाली.

तरीही चढ असलेल्या शर्यतींत हार्डटेलचं राज्य बराच काळ टिकलं. मला यातला सगळ्यात रंगलेला प्रसंग वाटतो तो लंडन ऑलिंपिकचा. १२ ऑगस्ट २०१२, एसेक्समधलं हॅडली फार्म. शेवटच्या फेरीत दोघे पुढे: स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर हार्डटेलवर आणि झेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर. जवळपास दीड तासाच्या शर्यतीनंतर कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. चार वर्षांनी रिओमध्ये सुवर्णपदक शुर्टरला मिळालं, कुल्हावी दुसरा आला. आणि त्या वेळी शुर्टर कशावर होता? फुल सस्पेन्शनवर! हरलेल्या माणसाने प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा मान्य करावा, हे मला पदकाइतकंच मोठं वाटतं.

तर इथपर्यंत पायांची गोष्ट झाली. आता बॅटरी. सायकलला वीज लावायची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या ओग्डेन बोल्टन या माणसाने १८९५ च्या शेवटच्या दिवशी मागच्या चाकात विजेची मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं होतं. पण बॅटऱ्या जड आणि दुबळ्या, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. १९९३ मध्ये जपानच्या यामाहाने पायडलच्या जोराला साथ देणारी मोटर असलेली सायकल विकायला काढली. २०१० च्या सुमारास जर्मनीच्या बॉशने पायडलच्या आसाजवळ बसणारी मोटर आणली आणि हायबाइकसारख्या कंपन्यांनी ती डोंगरी सायकलींना बसवली. २०१९ मध्ये तर कॅनडात या सायकलींची जागतिक स्पर्धाही झाली. युरोपात नियम असा, की मोटर २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे तिने मदत करायची नाही.

म्हणजे बल्बाएवढ्या माणसाला आणखी अडीच बल्ब मिळाले. हिशेब बदलला की नाही? मी आमच्या निवृत्त विज्ञान-शिक्षक मित्राकडून आकडे तपासून घेतले. डोंगरी ई-बाईक साधारण २० ते २५ किलोची. हार्डटेल आणि फुल सस्पेन्शनमध्ये फरक दोन-अडीच किलोंचा. अडीच किलो वजन १००० मीटर उंच न्यायला लागतात सुमारे ७ वॅट-तास. मोटरमधली गळती धरून ९-१० म्हणा. आणि बॅटरी असते ५०० ते ७५० वॅट-तासांची! म्हणजे फुल सस्पेन्शनच्या जादा वजनाची किंमत रुपयात दोन पैसे. नुसत्या पायावर हेच वजन न्यायचं तर चार मिनिटं जास्त लागली असती. जिथे पदक एका सेकंदाने जातं तिथे चार मिनिटं म्हणजे युग. पण रविवारी फिरायला गेलेल्या नवरा-बायकोला तेवढी मिनिटं तर पाणी प्यायलाच लागतात.

उलट मोटर आल्यावर मागच्या स्प्रिंगची गरज वाढते. खडकाळ चढावर चाक उडालं की त्याची जमिनीवरची पकड सुटते, मोटरचा जोर फुकट जातो. स्प्रिंग चाकाला जमिनीवर दाबून ठेवते. दुसरं असं, की साध्या सायकलवर माणूस मोठा दगड आला की उभा राहतो, सायकल अंगाने उचलून घेतो. पंचवीस किलोचं धूड तसं उचलवत नाही आणि मोटरच्या साथीने चढताना माणूस बसूनच असतो. मग प्रत्येक मूळ, प्रत्येक दगड थेट मणक्याला कळतो. बुलेटच्या बाबतीत झालं तेच इथे झालं.

मग हार्डटेल मोडीत काढायची का? मुळीच नाही. तिच्या बाजूने आजही चांगली कारणं आहेत. तेवढ्याच पैशात हार्डटेलवर चांगली मोटर, चांगले ब्रेक मिळतात. मागच्या बिजागऱ्यांत बेअरिंग असतात, त्यात चिखल जातो. मागच्या शॉकचं तेल, सील साधारण ५० तासांच्या वापरानंतर बघावं लागतं. हार्डटेलला ही कटकट निम्मी. कॅरिअर, मडगार्ड बसवायला ती सोपी. आणि वाट जर जंगलातला रुंद मुरमाचा रस्ता असेल, तर डनलॉपसाहेबांची हवा पुरेशी आहे. आजच्या डोंगरी सायकलींचे टायर अडीच इंच रुंद असतात, त्यांत हवा अगदी कमी, २०-२५ पौंड ठेवतात. कित्येक लोक महागडी स्प्रिंग घेतात आणि टायर मात्र दगडासारखे फुगवतात. असो.

भाच्याला मी लिहिलं, ते थोडक्यात असं. "तू सायकल निवडू नकोस, आधी वाट निवड. तुम्ही दोघं रुंद रस्त्यांनीच जाणार असाल तर दोघांनीही हार्डटेल घ्या, उरलेल्या पैशात सुट्टी घेऊन इकडे या. पण तू सांगतोस त्या मुळांच्या, दगडांच्या वाटांवर पुन्हा जायचं असेल, तर तू फुल सस्पेन्शन घे. तिच्या पाठीची तक्रार नाही, तिला आवडेल ती तिने घ्यावी. दोघांची सारखीच हवी असा काही नियम नाही. दुकानदाराकडून स्प्रिंग तुझ्या वजनाला लावून घे. तू सीटवर बसल्यावर मागचा शॉक पाव ते तीस टक्के दबायला हवा, नाहीतर तो असून नसून सारखाच. आणि स्प्रिंग म्हणजे औषध नव्हे. कोणत्या वाटेवर किती वेळ, ते डॉक्टरांनाच विचार."

मित्रांच्या टोमण्यांबद्दलही लिहिलं, कारण खरा अडसर तोच होता. सायकलच्या इतिहासात प्रत्येक सुखाला आधी कोणीतरी हसलेलं आहे. हवेच्या टायरला हसले. तूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज गिअरच्या इतका विरोधात होता, की साखळी बदलणारे गिअर त्या शर्यतीत यायला १९३७ साल उजाडलं. गिअर लावणं म्हणजे पुरुषार्थाला कमीपणा, असं त्या पिढीतल्या पुष्कळांना वाटायचं. आज हार्डटेलचा अभिमान बाळगणारे त्याचे मित्र बारा-बारा चक्रांचे गिअर चालवतात आणि पुढे स्प्रिंग लावतात. म्हणजे सोस कुठे थांबवायचा, याची रेघ प्रत्येक पिढी आपल्या सवयीप्रमाणे ओढते आणि मग तिला तत्त्व म्हणते.

सोसण्याला आपल्याकडे फार मान आहे. आमच्या आया-आज्यांनी, दूधवाल्यांनी, हमालांनी जे सोसलं त्यापुढे मी डोकं टेकवतो. पण त्यांनी ते हौसेने सोसलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मार्ग हाताशी असताना केवळ चारचौघांत कमीपणा नको म्हणून कंबर पुढे करणं, याला सोसणं म्हणायचं की हट्ट? मी स्वतः आता जिना उतरताना कठडा धरतो. कठडा धरला म्हणून जिना मी उतरलोच नाही, असं कोणी म्हणालं तर हसू येईल.

हार्डटेल चांगली की फुल सस्पेन्शन, याचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर इतिहासात नाही. पण जुनं उत्तर कोणत्या हिशेबावर उभं होतं आणि तो हिशेब आज उरलाय का, हे मात्र इतिहास स्पष्ट सांगतो. मोटर नसलेल्या सायकलला मागे कडक ठेवण्यात शहाणपण होतं, कारण पायांची ताकद थोडी होती. मोटर आल्यावर ते शहाणपण बरंच शिळं झालं. आता उरले दोनच प्रश्न: वाट कोणती आणि खिसा केवढा. मान-अपमानाचा प्रश्न यात कुठेच नाही.

तुमच्यापैकी कोणी सह्याद्रीत किंवा परदेशात अशा सायकली चालवत असाल, तर आपले अनुभव जरूर कळवा. विशेषतः पन्नाशीच्या पुढच्यांनी!